खोक्यावरचे वॉट आणि आतला ट्रान्सफॉर्मर

(दृश्य: रिसिव्हरचं खोकं, मग माहितीपुस्तिकेचं शेवटचं पान)

होम थिएटरच्या रिसिव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरना ताकद पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, खोक्यावर ठळक अक्षरांत १६५ वॉट. पुस्तिकेत, त्याच रिसिव्हरसाठी, ९० वॉट. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला मोजताना एकच चॅनेल (एका स्पीकरला ताकद देणारी वाट) चालू होता, भार (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) ६ ओहमचा, सूर फक्त १ किलोहर्ट्झचा आणि आवाजातली विकृती १० टक्क्यांपर्यंत चालवून घेतलेली. दुसरा मोजताना दोन चॅनेल चालू, भार ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि विकृती ०.०८ टक्के. निवड करायची ती या दुसऱ्या ओळीवरून. ज्या आकड्यापुढे अटीच छापलेल्या नाहीत, तो विचारातही घेऊ नका.

(दृश्य: झाकण काढलेला रिसिव्हर, वरून)

हे झाकण घरी उघडू नका. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विजेचा घातक साठा उरतो.

हा जड ठोकळा म्हणजे ट्रान्सफॉर्मर. लोखंडी पत्र्यांच्या थरावर तांब्याच्या तारेचे वेढे. त्याच्या शेजारच्या दोन जाड नळकांड्या म्हणजे फिल्टर कपॅसिटर. आवाजाचा अचानक धक्का आला की पहिला पुरवठा यांच्याकडून होतो. मधोमध उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि त्याला स्क्रूने आवळलेले आउटपुट ट्रान्झिस्टर. आता नीट पाहा: चॅनेल सात, ट्रान्सफॉर्मर एक. म्हणून ९० गुणिले सात असा हिशोब इथे लागू होत नाही. सातही चॅनेल एकाच क्षणी पूर्ण ताकद मागतात असं चित्रपटात क्वचितच घडतं, पण समोरचे तीन (डावा, मधला, उजवा) मात्र बऱ्याचदा एकदम मागतात. एबी वर्गाचे (ॲम्प्लिफायरची नेहमीची, जास्त तापणारी रचना), सारख्या वॉटचे दोन रिसिव्हर समोर असतील, तर दोन्ही उचलून पाहा. जो जड, त्याचा वीजपुरवठा बहुधा भक्कम. डी वर्गाच्या (झपाट्याने चालू-बंद होत कमी तापणाऱ्या) ॲम्प्लिफायरला ही कसोटी लावू नका, तो मुळातच हलका असतो.

(दृश्य: फळ्यावर लिहिणारा हात)

आता गरज किती? स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल, म्हणजे १ वॉटवर, १ मीटर अंतरावर ८७. बसायची जागा ३ मीटरवर. मोकळ्यावर साडेनऊ डेसिबल घटतात. खोलीत भिंतींची मदत होते, म्हणून सात धरू. उरले ८०. वॉट दहापट केले की १० डेसिबल वाढतात, दुप्पट केले की फक्त ३. चित्रपटगृहाच्या मोजमापात एका चॅनेलचा शिखर आवाज १०५ डेसिबल असतो. तिथवर जायला सुमारे ३२० वॉट लागतील. घरी बहुतेक जण याहून १० डेसिबल खाली ऐकतात, आणि तिथे ३२ वॉट पुरतात. हाच स्पीकर ९० डेसिबलचा असता तर १६ पुरले असते, ८४चा असता तर ६४ लागले असते. म्हणून ८० ऐवजी १०० वॉटचा रिसिव्हर घेण्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. एक डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. तेच पैसे स्पीकरवर घाला.

एक सापळा आहे. संवेदनशीलता बऱ्याचदा २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमला हे १ वॉट होतात, ४ ओहमला २. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरच्या आकड्यातून ३ डेसिबल वजा करा. हा स्पीकर तेवढ्याच व्होल्टला दुप्पट करंट ओढतो, आणि स्वस्त रिसिव्हर तापून बंद पडतो ते इथेच. असे स्पीकर असतील तर प्री-आउट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला जोडायची जागा) असलेला रिसिव्हर घ्या आणि समोरच्या तिघांना वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर लावा.

(दृश्य: ऑसिलोस्कोपचा पडदा)

पडद्यावर स्पीकरला जाणाऱ्या विजेची लाट दिसते. आवाज वाढवत नेला. लाट गोल आहे, गोल आहे... आणि आता माथा सपाट झाला. हेच क्लिपिंग. पुरवठ्याचे व्होल्ट संपले, लाट त्याच्या वर जाऊच शकत नाही. सपाट माथ्यातून नको असलेले उंच स्वर तयार होतात आणि थेट ट्विटरकडे, म्हणजे उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे, जातात. त्याची बारीक कॉइल जळू शकते.

(दृश्य: मागचे टर्मिनल, अगदी जवळून)

तारेचं टोक सोलून सगळे पदर घट्ट पिळा. हा बघा, एक पदर बाहेर राहिलाय आणि शेजारच्या टर्मिनलला टेकतोय. एवढ्यानेच रिसिव्हर प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो. लाल लालला, काळा काळ्याला. ८ ओहमच्या स्पीकरला जवळच्या अंतरासाठी १६ गेजची तार चालते, अंतर लांबलं किंवा स्पीकर ४ ओहमचा असला तर १४ गेजची, म्हणजे जास्त जाड, तार घ्या. वरच्या बाजूला हवेला जागा सोडा, रिसिव्हरवर काहीही ठेवू नका.

(दृश्य: सेटिंगचा मेनू)

सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) असेल तर सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा, म्हणजे त्यांचा खर्ज सबवूफरकडे जाईल, आणि क्रॉसओव्हर (खर्ज वेगळा होण्याची सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. खर्जाचं ओझं रिसिव्हरवरून उतरतं आणि सबवूफरच्या स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर जातं. माइक लावून होणारी रिसिव्हरची स्वयंचलित मोजणी बऱ्याचदा स्पीकर ‘लार्ज’ (खर्जही स्वतः वाजवणारा) ठरवते, त्यामुळे माइक काढून ठेवल्यावर हा मेनू पुन्हा उघडून तपासा.