सरहद्द गांधी : सुडाची रीत मोडणारा पठाण

पेशावरजवळचं उतमानझई गाव. १८९० च्या सुमारास इथल्या एका जमीनदार खानाच्या घरी अब्दुल गफार खान जन्मले. सहा फुटांहून उंच, धिप्पाड गडी. मनात आणलं असतं तर इंग्रजी फौजेत सहज मानाची जागा मिळाली असती. त्यांनी १९१० मध्ये गावात शाळा काढली. सरकारला बंदुका समजत होत्या. शिकणारे पठाण मात्र डोईजड वाटू लागले. गफार खान तुरुंगात गेले.

ज्या मुलखात खुनाचा बदला घेतला नाही तर घराण्याची अब्रू जाते, तिथे १९२९ मध्ये त्यांनी 'खुदाई खिदमतगार', म्हणजे ईश्वराचे सेवक, ही संघटना उभी केली. भरती होताना शपथ घ्यावी लागे : हिंसा करणार नाही, सूड उगवणार नाही, छळणाऱ्याला माफ करीन. शिवाय रोज किमान दोन तास समाजाचं काम. पिढ्यान्‌पिढ्यांची वैरं बाजूला ठेवून हजारो पठाणांनी ही शपथ घेतली. अहिंसेची याहून कठीण परीक्षा क्वचितच कुणी दिली असेल.

या खिदमतगारांचे पांढरे कपडे लवकर मळायचे, म्हणून चामडं कमावणाऱ्यांकडे नेऊन ते विटकरी रंगात बुडवले गेले. झालं! लाल रंग पाहून सरकारने लगेच त्यांना बोल्शेविक, म्हणजे रशियातल्या कम्युनिस्टांचे साथी, ठरवून टाकलं.

२३ एप्रिल १९३०. गफार खानांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्सा खवानी बाजारात गर्दी उसळली. चिलखती गाड्या आल्या, गोळीबार सुरू झाला. पुढचे पडत होते, मागचे पुढे येत होते. गढवाल रायफल्सच्या एका तुकडीने निःशस्त्र लोकांवर गोळी झाडायला साफ नकार दिला. चंद्रसिंह गढवालींना त्यापायी जन्मठेप झाली. मृतांचा सरकारी आकडा आणि लोकांनी सांगितलेला आकडा कधीच जुळला नाही.

१९४७ मध्ये काँग्रेसने फाळणी मान्य केली आणि पठाणांचा सरहद्द प्रांत पाकिस्तानात गेला. आपल्याला लांडग्यांच्या तोंडी दिलं, हे गफार खानांचं दुःख होतं, आणि ते खोटं म्हणता येत नाही. पुढे पाकिस्ताननेही त्यांना वर्षानुवर्षं कोंडलं. भारताने १९८७ मध्ये भारतरत्न दिलं.

२० जानेवारी १९८८ ला पेशावरमध्ये ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन अफगाणिस्तानात, जलालाबादला ठरलं. तिथे तेव्हा सोव्हिएत फौजा व अफगाण सरकार विरुद्ध मुजाहिदीन बंडखोर असं युद्ध पेटलेलं. अंत्ययात्रेसाठी दोन्ही बाजूंनी शस्त्रं थांबवली. तरीही त्या गर्दीत बॉम्ब फुटले, आणि निरोप द्यायला आलेल्यांपैकी काही जण परत गेलेच नाहीत.