कुळागरातली पंचाक्षरी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्याकडे गोव्यात फोंड्याला सकाळचा चहा झाला की नात मोबाइल घेऊन सोप्यावर माझ्याशेजारी येऊन बसते. "आबा, पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सांगा. सी हवा आणि ए हवा." हा वर्डलचा खेळ. जॉश वॉर्डल या गृहस्थांनी तो आपल्या जोडीदारासाठी, पलक शहा यांच्यासाठी केला, ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांना खुला केला, आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. लपवलेला शब्द ओळखायचा: पाच घरं, सहा संधी. इंग्रजीतल्या पाच अक्षरांच्या सुमारे १२,००० शब्दांमधून ओळखीचे अडीचेक हजार पलकबाईंनी वेगळे काढले, म्हणून तर माझ्यासारख्याचा निभाव लागतो.

अक्षरं मोजायची ती इंग्रजी पद्धतीनं हं. आपल्या लिपीत 'कोब्रा' दोन अक्षरांत आटोपतो. त्यांच्याकडे सी, ओ, बी, आर, ए अशी पाच घरं भरतात.

तर त्या दिवशी मी पहिला शब्द हाच सांगितला. कोब्रा. अर्थ काय? नात म्हणाली, नाग. माझे आजोबा असते तर त्यांनी तिला तिथंच थांबवलं असतं. ते पोर्तुगीज प्राथमिक शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकलेले. एकदा कुळागरातल्या, म्हणजे आमच्या नारळी-पोफळीच्या बागेतल्या, पाटाजवळून ते "कोब्रा, कोब्रा" ओरडले. आम्ही पोरं जीव घेऊन पळालो, आणि बघतो तर साधी दिवड! पोर्तुगीजमध्ये कोब्रा म्हणजे कुठलाही साप. नागाला ते 'कोब्रा द कापेलु' म्हणत, म्हणजे फडीचा साप. इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि फडी तेवढी वाटेत गळाली. नागाची ओळख ज्या शब्दात होती तोच सोडला आणि नुसता 'साप' जपून ठेवला!

आता यातला बी काढा आणि पी घाला. कोप्रा. सुकं खोबरं. मल्याळममध्ये कोप्परा, तिथून पोर्तुगीजांच्या तोंडी, आणि पुढे इंग्रजीत. आमच्या अंगणात मार्च-एप्रिलात नारळाच्या वाट्या उपड्या-सुलट्या करत वाळवायच्या आणि काठी घेऊन कावळे हाकायचे, ही माझी सुट्टीतली नोकरी. दोन-तीन कडक उन्हं लागली की खोबरं आक्रसतं आणि करवंटीपासून आपणहून सुटं होतं. हातात घेतलं की आत खुळखुळ वाजायचं. त्या आवाजालाच आम्ही म्हणायचो, "चला, झालं."

तिसरा शब्द खेळणाऱ्यांच्या फार कामाचा. अरेका. ए, आर, ई, सी, ए. पाचात तीन स्वर, त्यातला ए दोनदा. अर्थ पोफळ, सुपारीचं झाड. मल्याळममध्ये अडक्का, घाट चढून गेलात की कानडीत अडिके. त्या 'ड'चा पोर्तुगीजांच्या जिभेवर 'र' झाला. लिनीयसनं १७५३ मध्ये झाडाला शास्त्रीय नाव दिलं 'अरेका कॅटेच्यू'. कॅटेच्यू म्हणजे काथ. काथ येतो खैरापासून, पोफळीशी त्याची गाठ पडते ती विड्यात. म्हणजे शास्त्रीय नावातसुद्धा विडा लावलेला आहे म्हणायचा!

विड्याचं पान म्हणजे बीटल. यात ए नाही, सीही नाही, त्यामुळे त्या दिवशी उपयोग नव्हता, पण अक्षरं पाचच: बी, ई, टी, ई, एल. मल्याळम वेट्टिला, त्यातलं 'इला' म्हणजे पान. इंग्रज मात्र सुपारीला 'बीटल नट' म्हणत राहिले. पानवेलीला कधी सुपारी लागते का हो? वेल पोफळीवर चढलेली बघून फसले असतील, नाहीतर विड्यात दोन्ही एकत्र बघून. आणि तिथंच कुंपणापाशी मँगो, तोही पाच अक्षरी, तोही दक्षिणेकडचा आणि पोर्तुगीज 'मांगा'वरून गेलेला. आमच्या मानकुराडाला मात्र त्यांच्या यादीत जागा नाही.

नात मोजत होती. "आबा, म्हणजे अर्धं कुळागर झालं. पण सी आणि ए असलेला अजून एक आहे. कास्ट."

सी, ए, एस, टी, ई. अर्थ जात. पोर्तुगीज 'कास्ता', म्हणजे वंश, कूळ. अठराव्या शतकात कितीतरी इंग्रज शेवटचा ई न लावताच तो लिहीत, तेव्हा तो चार अक्षरांचाच होता.

"हा कुठं येतो कुळागरात?" तिनं विचारलं.

मी तिला विहिरीकडे घेऊन गेलो. रहाटाच्या पलीकडे, काठापासून चार हात दूर, एक दगडी डोण आहे. सुपाऱ्या पाडायला येणाऱ्या माणसांनी विहिरीला हात लावायचा नाही. आमची आजी कळशीनं त्या डोणीत पाणी ओतायची, मग ती माणसं तिथून ओंजळीनं प्यायची. मीही ओतलंय, सात-आठ वर्षांचा असताना.

डोण अजून तिथंच आहे. आत शेवाळ, पावसाचं पाणी आणि एक बेडूक. नात बराच वेळ वाकून बघत होती. मोबाइल सोप्यावरच राहिला होता.