लुना, कुंद्याचा डबा आणि 'द फ्रेंच कनेक्शन'

नमस्कार मंडळी. मागं ऐकू येतंय न्हवं? बरं. सिनेमा १९७१ चा आणि लोक अजून तो बघतात, का बघतात हे मला सांगायचंय. माझं म्हणणं एवढंच की पाठलाग गाडीच्या स्पीडनं रंगत नाही, वाटेत काय काय आडवं येतं त्यानं रंगतो. पुराव्यासकट सांगतो, पण आधी आपल्या बेळगावात, टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर जाऊया.

कॉलेजात होतो. आमचे भावजी पॅसेंजरनं निघालेले, लोंढ्याला गाडी बदलून गोव्याला जाणार, आणि कुंद्याचा, म्हणजे आपल्या खव्याच्या मिठाईचा डबा राहिला घरात जिन्यावर. आई म्हणाली पळ. शेजारच्यांची लुना घेतली, पेट्रोल किती देवाला ठाऊक. स्टेशनात पोचतोय तोवर गाडी हललेली. मग काय, गाडीच्या कडंकडंनं मी! पलीकडं जायचं तर पहिलं गेट बंद, दुसऱ्या गेटवर आलो तर तेबी बंद, गेटमनला म्हटलं मामा कुंदा हाय, तो म्हणतोय मग मी काय करू. पुढं म्हशी. म्हशींना हॉर्न कळत नाही हे इथं कुणाला सांगायला नको. कसाबसा देसूरला पोचलो तर गाडी सुटायलालीय, दारात भावजी, मी डबा वर करून बोंबलतोय आणि ते मस्त हसत हात हलवतायत! त्यांना वाटलं पोरगं एवढ्या लांब निरोप द्यायला आलं. अजून बहीण त्याचं कौतुक करते. डबा मी फलाटावरच संपवला, ते तिला माहीत नाही.

पुढं भाड्याच्या कॅसेटवर हा सिनेमा बघितला. स्मगलर शार्निए मेट्रोच्या बंद दारातून मागावरच्या पोलिसाला, पॉपाय डॉइलला, हात हलवतो, आणि मी उठून उभाच राहिलो, हे तर आमचे भावजी!

काय? पाच मिनिटं? अहो आत्ता तर विषयाला हात घातला.

बरं, पटपट, तो पाठलाग. वर पुलावरनं ट्रेन, खाली लोखंडी खांब, त्या ट्रेनच्या मागं डॉइल कुणाचीतरी पाँटियाक गाडी हिसकावून घेऊन सुटलाय. डायरेक्टर फ्रीडकिननं बरंचसं परवानगी न काढता चालू ट्रॅफिकमध्येच शूट केलं, गाडी मारतोय स्टंटवाला बिल हिकमन आणि मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन फ्रीडकिन स्वतः, कारण कॅमेरावाले बायकापोरांचे. (खानापूर रोडवर कुणी करून बघू नका.) पाठलागात म्युझिक नाही, नुसते हॉर्न, ब्रेक आणि ट्रेनची खडखड. आणि तो पिझ्झाचा सीन बघा, स्मगलर आत गरम जेवतायत, पोलीस बाहेर थंडीत कुडकुडत पिझ्झा खातोय, तिथंच डॉइल आपला माणूस होतो, मग तो कितीबी उर्मट असो. शेवटी डॉइलच्या गोळीनं आपल्याच बाजूचा माणूस मरतो आणि शार्निए सुटतो. पाच ऑस्कर मिळाली, त्यातलं एक डॉइल झालेल्या जीन हॅकमनला, पण चोर सुटलाच की.

हो हो, बसतोच. प्रोजेक्टर लावा. सुरुवात जरा संथ हाय, उठून जाऊ नका.