मेडलच्या कडेवर नाव असतं

(अजिंक्यतारा, वर पावसाळी ढग. खाली सदर बझारची गल्ली. शिलाई मशीनचा आवाज आधी, चित्र नंतर.)

सातारा, सदर बझार. बाहेरून बघाल तर साधं टेलरिंगचं दुकान, शाळेचे युनिफॉर्म, सफारी, पँट अल्टर करून मिळेल. पण काउंटरवर आता काय पसरलंय ते बघा.

मास्तर फौजेतच होते, टेलर ट्रेडमध्ये. परेड जवळ आली की जवानांपासून सुभेदार साहेबांपर्यंत सगळ्यांची मेडलं पट्टीवर शिवून द्यायची हे त्यांचं काम. रिटायर होऊन गावी आले, दुकान टाकलं, आणि हळूहळू आसपासच्या गावातनं माणसं डबे घेऊन यायला लागली. बिस्किटाचे डबे, साबणाची खोकी, एकानं तर शर्टच्या खिशातनं नुसती सुटी मेडलं आणलेली.

(अपशिंग्याचा स्तंभ, सकाळचं ऊन.)

या जिल्ह्यात डबे कमी पडणार नाहीत. नागठाण्याच्या अंगाला गेलं की अपशिंगे लागतं, ज्याला सगळा जिल्हा अपशिंगे मिलिटरी म्हणतो. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण कामी आले, हा स्तंभ त्यांचा. आणि देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ ला सुरू झालं तेही साताऱ्यातच.

आज काउंटरवर आहेत ती एकाच घरातल्या दोन पिढ्यांची मेडलं. नातू घेऊन आलाय, सोबत आजी. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, आजोबा पासष्ट आणि एकाहत्तरला. आधी पणजोबांचे स्टार बघू, सहा टोकांचे. पहिली रिबन गडद निळी, लाल, फिकी निळी, म्हणजे नेव्ही, आर्मी, एअर फोर्स, हा १९३९-४५ स्टार. वाळूच्या रंगावर मधोमध लाल पट्टा तो आफ्रिका स्टार, त्यात १९४१ ची एरिट्रियातली केरनची लढाई पण येते, तिथल्या डोंगरांवर मराठे चढलेत. लाल पांढरा हिरवा तो इटली स्टार. इटलीत ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीला दोन व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळाले, यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये, मरणोत्तर, आणि नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये. ही त्याच मोहिमेची रिबन आहे, फक्त ऐंशी वर्षांत विटून गेलेली.

(क्लोजअप. मास्तरांचं बोट, मेडलची कड.)

आता हे नीट बघा. मास्तर मेडल हातात घेतात तेव्हा त्यावरचा इंग्लंडच्या राजाचा चेहरा बघत नाहीत, कड बघतात, आणि स्टार असेल तर पाठ. तिथे बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. इंग्लंडच्या सैनिकाला दुसऱ्या महायुद्धाची मेडलं कोरीच मिळाली, त्यावर नाव नाही. हिंदुस्थानी फौजेतल्या शिपायाच्या मेडलवर मात्र नाव आहे. आपल्या गावच्या, कदाचित सही पण न येणाऱ्या माणसाचं नाव धातूत उमटवलंय आणि ते या घरात आहे. मास्तर एवढंच म्हणाले, "नाव वाचता आलं पायजे. बाकी सगळं नंतर."

पण नाव वाचता येत नव्हतं. काही वर्षांपूर्वी घरच्यांनी हौसेनं फ्रेम करून घेतली, फ्रेमवाल्यानं लाल मखमलीवर सगळे स्टार डिंकानं चिकटवले, नाव असलेली बाजू खाली, गमच्या आत. आणि क्रमही उलटा. दोघांची मेडलं एकाच ओळीत, आजोबांचं पणजोबांच्या मधे घातलेलं.

(लांब शॉट, कट नाही. नायलॉनचा दोरा.)

सुरी लावायची नाही. दोन्ही हातात नायलॉनचा बारीक दोरा ताणून धरायचा आणि मेडल आणि मखमल यांच्यामधून करवतीसारखा मागेपुढे ओढत न्यायचा, अगदी हळू, दोरा तुटला तर नवा घ्यायचा, पण धातूला ओरखडा येऊ द्यायचा नाही. आम्ही इथे कॅमेरा बंद केला नाही. पाठीवर डिंक थोडा राहिलाय तो राहू दे म्हणाले, खरवडला तर अक्षर जाईल.

वॉर मेडलवर राजाचं नाक गुळगुळीत झालंय, दिसतंय ना. दर खंडेनवमीला ही मेडलं पूजेला मांडायची म्हणून आजी आदल्या दिवशी चिंचेनं आणि राखेनं घासून लख्ख करायच्या. वर्षानुवर्षं. मास्तरांनी त्यांना हात जोडून सांगितलं, आता नको, मऊ सुती कापडानं पुसायचं आणि बास. पितळेचं पॉलिश तर नाहीच, काळं पडलं तरी चालेल, काळं पडणं हे वय आहे, ते चकाकवायला गेलं की कडेवरची अक्षरं झिजतात.

(आजींचा चेहरा. इथे निवेदन नाही.)

आता शिलाई. आधी क्रम. मानानं सगळ्यात मोठं मेडल छातीच्या मध्याकडे, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, तिथनं पुढे उतरत जायचं. आजोबांचं पहिलं 'पूर्वी स्टार', म्हणजे एकाहत्तरच्या पूर्व आघाडीचं, मग रक्षा मेडल १९६५, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल ज्याच्या रिबनवर 'हिमालय'ची क्लास्प, म्हणजे नावाची छोटी धातूची पट्टी आहे, मग स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचं आणि शेवटी नऊ वर्षं सेवेचं. पणजोबांची पट्टी वेगळी. बाप-लेकाची मेडलं एका पट्टीवर घ्यायची नाहीत, ज्यानं कमावली त्याचीच पट्टी, याबाबतीत मास्तर कुणाचं ऐकत नाहीत आणि आम्हालाही ते शंभर टक्के पटतं.

पट्टी दोन तऱ्हेची. एक झुलती, मेडलं नुसती रिबनला लोंबकळतात, चालताना एकमेकांवर आपटतात, वाजतात, आणि आपटून आपटून कड खराब होते. दुसरी कोर्ट माउंट, त्यात मागे कडक पुठ्ठा आणि बकरम, म्हणजे कॉलरमधे घालतात ते ताठ कापड, रिबन खालून वर नेऊन परत पुढनं खाली आणायची म्हणजे मेडलच्या मागेही रिबनच दिसते, आणि मेडल खाली टाक्यानं धरलेलं. मास्तर फ्रेमसाठी नेहमी हीच करतात. रिबन ३२ मिलिमीटर रुंद, नवी घातली, जुनी फेकायची नाही, ती पाकिटात घालून फ्रेमच्या मागे. दोऱ्याला मेण. सहा मेडलं पट्टीत सुटी मावत नाहीत, मग एकावर एक थोडी चढवायची, मानाचं पूर्ण दिसलं पाहिजे, पुढच्याची कड त्याच्याखाली जाते. सगळ्यांची खालची टोकं एका रेषेत, त्यासाठी पट्टीखाली दोरा ताणलाय बघा. एक स्टार केसभर खाली आला होता, मास्तरांनी सगळा टाका उसवला, परत घातला. त्यांच्याशिवाय ते कुणाच्या लक्षात पण आलं नसतं.

फ्रेम खोल पाहिजे, काच मेडलला टेकता कामा नये. मागचा बोर्ड ॲसिड-फ्री, कुठेही गम नाही, सगळं टाक्यावर. उन्हाच्या भिंतीवर लावायची नाही, रिबन विटते, देव्हाऱ्यावर नाही कारण धूर, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर नाहीच. आणि नावं दिसावीत म्हणून कडेचे आणि पाठीचे फोटो मोठे करून खाली लावलेत, ही कल्पना नातवाची.

(१६ डिसेंबर, गावातला कार्यक्रम. माजी सैनिक खुर्च्यांवर.)

विजय दिवसाला गावात सत्कार झाला. १९७१ च्या डिसेंबरात मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण, म्हणजे पहिली बटालियन, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढली, त्या लढाईचं नाव स्टेजवरून घेतलं गेलं. शाल, श्रीफळ, फोटो, पटापट उरकलं. आमचं आयोजकांना कळकळीचं सांगणं आहे, माजी सैनिकांना मेडलं लावून बोलवा, आणि शाल घालायच्या आधी प्रत्येकाचा नंबर आणि पलटण माइकवर मोठ्यानं वाचा, ह्याला पैसे लागत नाहीत. स्वतःची मेडलं डाव्या छातीवर. गेलेल्या माणसाची मेडलं घरच्यांना श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात उजव्या बाजूला लावता येतात, सेनेनं तशी परवानगी दिलेली आहे. हा नातू, उजवीकडे.

पहिल्या महायुद्धाचं वॉर मेडल चांदीचं होतं, त्यामुळे बऱ्याच घरातली अडीअडचणीला मोडीत गेली, ती आता परत येणार नाहीत.

घरात ट्रंक असेल तर उघडा. काही घासू नका, कडेवरचा नंबर, नाव, पलटण कागदावर उतरवून घ्या, उजेड तिरपा धरलात तर अक्षरं उमटून दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तिथे विचारताना हाच नंबर लागतो. मग मास्तरांकडे या, नाहीतर तुमच्या गावात फौजेतनं आलेला टेलर असेल त्याच्याकडे जा, आणि आधीच सांगा, गम नको, टाका घाला.