मागणी, वसुली, बाकी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, एकेका ग्रामपंचायतीखाली दूरदूरच्या वाड्या येतात. रान जास्त आणि उंबरे कमी, त्यामुळे घरपट्टीचे उत्पन्न तुटपुंजे. पण वाडी सात घरांची असली तरी तिथपर्यंत नळाची पाइपलाइन न्यावीच लागते आणि रस्त्यावरचा दिवाही लावावाच लागतो.

टेबलावर उघडलेली ही करवसुलीची नोंदवही पाहा. प्रत्येक घरासमोर तीन रकाने आहेत : मागणी, वसुली आणि बाकी. अंदाजपत्रकाची जमेची बाजू यांपैकी कोणत्या रकान्यावरून धरली, यावर पंचायतीचे पुढचे वर्ष ठरते. समजा, घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून मागणी १० लाख रुपये आहे आणि गेली काही वर्षे प्रत्यक्ष वसुली ६ लाखांपुढे गेलेली नाही. तरीही जमेला पूर्ण १० लाख धरले, तर कागदावर अंदाजपत्रक शिलकी दिसते, त्या जोरावर जास्तीची कामे मंजूर होतात, आणि वर्षअखेरीस ठेकेदाराचे बिल व पंपाचे वीजबिल दोन्ही थकतात. हा तोटा मंजुरीच्या दिवशीच पत्करलेला असतो, आणि तो फेडण्याची वेळ पुष्कळदा पुढच्या सदस्यांवर येते.

वित्तीय जबाबदारीचा, म्हणजे सरकारने आपली तूट आणि कर्ज मर्यादेत ठेवावे असा, कायदा करणारे कर्नाटक हे देशातले पहिले राज्य. तो कायदा २००२ सालचा. पाठोपाठ २००३ मध्ये स्थानिक संस्थांसाठीही वेगळा कायदा झाला. तरीही वसुलीला निघालेल्या कर्मचाऱ्याच्या पावतीपुस्तकात जे जमा होते, तेच पंचायतीचे खरे उत्पन्न. वरून येणारा निधी ही उणीव भरून काढील, असे धरून चालता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता, आणि उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार किंवा आस्थापनेचा खर्च करण्यास मनाई होती.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. पंचायतीचे दप्तर कन्नडमध्ये असते, तर इथल्या अनेक वडीलधाऱ्यांना मराठीच वाचता येते. ज्या भागात १५ टक्के किंवा त्याहून अधिक लोक अल्पसंख्य भाषा बोलतात, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या मान्य संरक्षणांत आहे. आपण भरलेली पाणीपट्टी कुठे खर्च झाली हे ज्या आजींना वाचता येत नाही, त्यांच्याकडे पुढच्या वर्षीची पट्टी मागायला कर्मचाऱ्याने कोणत्या तोंडाने जावे?

कर्नाटकात प्रत्येक ग्रामपंचायतीची दर वर्षी जमाबंदी होते. त्या दिवशी वर्षाचा हिशेब लोकांसमोर ठेवला जातो आणि झालेली कामे जागेवर जाऊन तपासता येतात. मोजमापाच्या वहीत गटाराची जेवढी लांबी लिहिलेली असेल, तेवढी ती जमिनीवर भरते का, हे फीत धरून पाहण्याचा अधिकार तेव्हा गावाला असतो. फितीचे एक टोक अधिकाऱ्याच्या हातात असेल, तर दुसरे वाडीतल्या कुणीतरी धरायला हवे.