होडीला कापड चढवताना

(दृश्य: आचऱ्याची खाडी, मे महिना. माडांच्या सावलीत उपडी घातलेली होडी.)

निवेदन:
सिंधुदुर्गातली आचऱ्याची खाडी. समोर उपडी घातलेली ही होडी आंब्याच्या एकाच बुंध्यातून कोरलेली. कडेला फळ्या मारून तिची उंची तेवढी वाढवली आहे. आज अशी होडी नव्याने करायची तर आधी तेवढा जुना आंबा हवा, मग तो तोडू देणारा मालक हवा, आणि शेवटी कोरणारा माणूस हवा. तिन्ही एका गावात सापडणं कठीण. तेव्हा आहे ती टिकवायची.

(दृश्य: तळाची भोकं, अगदी जवळून.)

आंब्याचं लाकूड खाऱ्या पाण्यात फार तग धरत नाही. ही भोकं पाहा. दिसायला टाचणीच्या डोक्याएवढी, आत मात्र बोट जाईल एवढी पोकळी. पोखरणारा जीव अळीसारखा दिसतो, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय म्हणजे मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेल. वास सोसायचा आणि वरचेवर चोपडत राहायचं.

आता ‘फायबर मारतात’. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि ते भिजवून कडक करणारं चिकट रेझिन. किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी हे रेझिन पॉलिएस्टरचं. साच्यात अख्खी बोट घडवायला ते उत्तम, आणि स्वस्तही. जुन्या लाकडावर मात्र त्याची पकड कच्ची. लाकूड फुगतं, आकसतं, आणि थर हळूहळू सुटतो. सुटलेल्या थराखाली पाणी साचतं. वरून होडी नवी दिसते, आत लाकूड कुजत असतं. या होडीच्या मालकाने म्हणून जास्त पैसे मोजून इपॉक्सी हे दुसरं रेझिन आणलं. आमच्या मते शहाणपणा केला.

(दृश्य: खरवडणं, रंधा, पॉलिश पेपर.)

गंमत अशी, की ज्या तेलाने ही होडी इतकी वर्षं जगवली, तेच आता आडवं येतं. तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही. त्यामुळे स्वच्छ लाकूड लागेपर्यंत खरवडायचं. ओलावाही मोजायचा, तो १५ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. भोकं आणि खाचा लाकडाचा भुसा मिसळलेल्या इपॉक्सीने भरायच्या. सगळ्या धारदार कडा गोल करायच्या, कारण काचेचं कापड काटकोनात वळत नाही. वळणावर उचललं जातं आणि खाली हवा राहते.

(दृश्य: संध्याकाळ. वजनकाटा, दोन डबे.)

इपॉक्सीचा पहिला हात संध्याकाळी. दिवसा लाकूड तापत असताना त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात बुडबुडे उठतात. लाकूड निवायला लागलं, की तेच रेझिन आत ओढून घेतं.

आता हा वजनकाटा. पॉलिएस्टरची सवय असलेल्या हाताला वाटतं, हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं दुसऱ्या डब्यातलं द्रव्य, थोडा जास्त घातला की काम लवकर उरकेल. इपॉक्सीत ते चालत नाही. इथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात जोडले जातात. प्रमाण चुकलं तर उरलेला भाग तसाच राहतो आणि थर कायमचा चिकट किंवा ठिसूळ होतो.

(मूळ आवाज)
— काका, डबा भरून कालवू?
— नको रे, तापेल. थोडं थोडं कर, आणि लगेच परातीत ओत.

खरंच तापतं. खोल डब्यात उष्णता कोंडते, धूर येतो, आणि मिश्रण हातातच दगड होतं. परातीत पसरलं की वेळ मिळतो.

(दृश्य: कापड अंथरणं. हा भाग सलग, न कापता.)

हे विणलेलं काचेचं कापड. दुकानात आधी हातात देतात ती मॅट, तुटक धाग्यांची. पण तिचे धागे ज्या चिकटद्रव्याने धरलेले असतात ते बहुधा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवातच विरघळतं. इपॉक्सीत ती मॅट नीट भिजत नाही. इथे विणलेलंच कापड हवं.

कापड कोरडं अंथरलं. मधे रेझिन ओतलं. आता रबरी पट्टीने मधून कडेकडे. पांढरं कापड पट्टीमागे दिसेनासं होतं आणि खालचे आंब्याचे रेषे वर येतात.

(निवेदन थांबते. काही वेळ फक्त पट्टीचा आवाज.)

जिथे पांढरं उरलं, तिथे रेझिन कमी. जिथे चकाकी आली, तिथे जास्त. कापड तरंगायला लागलं. जादा रेझिन ओढून काढायचं. ताकद कापडात असते. नवशिके मात्र रेझिनच ओतत सुटतात.

थर बोटाला चिकटतो आहे तोवर दुसरा हात. कडा चामड्यासारख्या झाल्या, की सुरीने सफाईने कापायच्या. एकदा कडक झाल्या तर ग्राइंडर लागतो.

(दृश्य: म्हादेईची जुनी छायाचित्रं.)

लाकूड आणि इपॉक्सी या जोडीवर ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांच्यासाठी ही ‘म्हादेई’, भारतीय नौदलाची शिडाची नौका. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, ५६ फुटांची. सीडरच्या लाकडी पट्ट्या आणि त्यांवर इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं कापड. १९ ऑगस्ट २००९ ला नौदलाचे दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि चार थांबे घेऊन, पृथ्वीला वळसा घालून १९ मे २०१० ला परतले. पुढे २०१२-१३ मध्ये नौदलाचेच अभिलाष टॉमी याच नौकेतून एकटे, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून आले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, उसळणारी लाट सोसणारी बांधणी आचऱ्याच्या खाडीला पुरेल.

घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजते, छातीलाही वाईट. मास्क आणि हातमोजे हवेतच. आणि कवच चढवलेली होडी पुढे कधी मोडीत निघाली, तर ती पूर्वीसारखी चुलीत घालता येणार नाही.

(दृश्य: साबणपाण्याने धुणं, मग रंग.)

वाळलेल्या थरावर मेणचट साय येते, ती पाण्याने धुवायची, मगच रंग. रंग हवाच, कारण उन्हाने इपॉक्सी पिवळं पडून भुगा होतं. होडी वल्ह्याची आहे, त्यामुळे १ जूनपासूनची ६१ दिवसांची मासेमारी बंदी तिला लागू नाही. पहिल्या पावसात ती खाडीत हवी, म्हणून रंगाचा दुसरा हात उद्याच.