काळ्या आई-बापाची पिवळी पिल्लं

(कोल्हापुरात श्वानपालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आजचा विषय लॅब्राडोरच्या रंगाचा आहे आणि तो मी मागून घेतला, कारण या रंगावरून होणारी भांडणं थेट आमच्या दवाखान्यात येतात. नर काळा, मादी काळी, आणि वेतात दोन-तीन पिल्लं पिवळी निघतात. मालकाचा पहिला संशय मादीवर. "वो डॉक्टर, कंपाउंडवरनं कुठलं तरी गावठी आत आलं असणार बघा!" मग ज्याचा नर लावला त्याच्याशी वादावादी होते, ठरलेलं पिल्लू द्यायला मालक नकार देतो, आणि ती पिवळी पिल्लं वंशावळीच्या पेपरशिवाय, मिळेल त्या किमतीत कुणाला तरी देऊन टाकली जातात. पुढच्या वेळी त्या मादीला कुणी विचारत नाही. पिल्लं अस्सल असतात, मादीवर घेतलेला आळ खोटा असतो, आणि हे समजून घ्यायला दहावीच्या विज्ञानाइतकंच गणित पुरतं. म्हणून मला हे मनाला लागतं.

मुळात ही जात आली कुठून? नाव लॅब्राडोर असलं तरी तिचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांची कुत्री. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरदार-जमीनदारांनी ती विलायतेत आणून शिकार उचलून आणण्यासाठी वाढवली. त्यांना हवं होतं काळं कुत्रं. पिवळ्या लॅब्राडोरची पहिली प्रसिद्ध नोंद 'बेन ऑफ हाइड' या कुत्र्याची, जन्म १८९९ चा, आणि तो जन्मला काळ्या लॅब्राडोरच्या वेतात. म्हणजे आपल्या राजारामपुरीत आज ज्यावरून वाद होतो, तेच विलायतेत सव्वाशे वर्षांपूर्वी घडलं होतं. १९०३ साली तिथल्या केनेल क्लबनं, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं, जातीला मान्यता दिली. आज मान्य रंग तीनच: काळा, चॉकलेट आणि पिवळा. आपल्याकडे पिवळ्याला कुणी 'गोल्डन' म्हणतं, कुणी 'फॉन'. अगदी दुधाळ पांढऱ्यापासून कोल्ह्यासारख्या तांबूस रंगापर्यंत सगळे यात 'पिवळा' म्हणूनच धरले जातात.

आता रंग कसा तयार होतो ते बघू. कुत्र्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच. एक गडद, युमेलॅनिन. दुसरं पिवळं-तांबूस, फिओमेलॅनिन. तिसरं नाही. एवढ्या जाती, एवढे पट्टे-ठिपके, सगळं या दोघांच्या कमी-जास्त प्रमाणातून आणि जागेतून येतं. लॅब्राडोरचा हिशोब तर फार सोपा आहे, कारण त्यात मुख्यतः दोन जनुकांकडे बघितलं की काम भागतं.

पहिलं जनुक ठरवतं, गडद रंगद्रव्य काळं बनायचं की तपकिरी. याला 'बी' म्हणू. शास्त्रीय नाव टीवायआरपी१. प्रत्येक कुत्र्यात त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. मोठा बी म्हणजे काळा, लहान बी म्हणजे तपकिरी, आणि मोठा वरचढ. एक जरी मोठा बी असला तरी रंगद्रव्य काळं बनतं. चॉकलेट व्हायला दोन्ही प्रती लहान बी लागतात.

दुसऱ्या जनुकाला 'ई' म्हणू, शास्त्रीय नाव एमसी१आर. रंग बनवणाऱ्या पेशीच्या अंगावर जो ग्राहक, म्हणजे निरोप घेणारा रिसेप्टर असतो, त्याचा हा आराखडा. गडद रंग बनवायचा निरोप शरीराकडून येतो तो या ग्राहकामार्फत. हा ग्राहक ३१७ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. लहान ई मध्ये काय झालंय, तर ३०६ व्या जागी 'थांबा'ची खूण आली आहे. शेवटची बारा अमिनो आम्लं बसतच नाहीत. ३१७ पैकी बारा म्हणजे फारच थोडी, पण तेवढ्यानं ग्राहक निकामी होतो. निरोप पोचत नाही आणि केसात फक्त पिवळं रंगद्रव्य भरलं जातं. हा बदल संशोधकांनी २००० साली शोधला.

आता दोन्ही एकत्र ठेवा. टाकी काठोकाठ भरली आहे, पण वॉर्डातली चावी सोडलीच नाही, तर तुमच्या दारात पाणी येईल का? बी जनुक टाकीत काय भरायचं ते ठरवतं, ई ही चावी. दोन्ही प्रती लहान ई असल्या की चावी बंद. मग आत काळ्याचा आराखडा असो की चॉकलेटचा, कुत्रं पिवळंच दिसणार. एका जनुकानं दुसऱ्याचं म्हणणं झाकून टाकायचं, ही आनुवंशिकतेतली मोठी गोष्ट, आणि ती शिकवायला कॉलेजात आजही लॅब्राडोरचंच उदाहरण घेतात.

तर काळा नर, काळी मादी. दोघांत एकेक मोठा बी आणि एकेक लहान बी, एकेक मोठा ई आणि एकेक लहान ई. दिसायला दोघंही कुळकुळीत काळे, पोटात चॉकलेटही आहे आणि पिवळाही. सोळा घरांचा तक्ता मांडला तर ९ काळी, ३ चॉकलेट आणि ४ पिवळी असं प्रमाण येतं. मेंडेलच्या वाटाण्यात तुम्ही शाळेत ९:३:३:१ पाठ केलंत; इथं शेवटचे दोन गट, म्हणजे ३ आणि १, मिळून ४ झाले, कारण चावी बंद असलेले सगळे पिवळ्यातच मोजले जातात. मेंडेलनं आपलं काम १८६५ मध्ये वाचून दाखवलं, १८६६ मध्ये छापलं आणि जगानं ते १९०० पर्यंत बाजूला ठेवलं. कुत्र्यांच्या रंगावर सविस्तर मांडणी केली ती क्लॅरन्स कुक लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञानं, १९५७ च्या पुस्तकात, डीएनए वाचण्याची सोय नसताना, निव्वळ वेतांच्या नोंदी तपासून. म्हणून मी ब्रीडर मंडळींना नेहमी सांगतो, वही ठेवा. कुठल्या जोडीची किती पिल्लं, कुठल्या रंगाची. ती वही सोन्याच्या मोलाची आहे.

एक लक्षात घ्या, सोळातली चार ही सरासरी आहे. सहा पिल्लांच्या वेतात सगळी काळी येऊ शकतात, तीन पिवळीही येऊ शकतात. एका वेतावरून निवाडा करू नये.

आता जवळून बघायची गोष्ट. पिवळ्या लॅबच्या, म्हणजे लॅब्राडोरच्या, पोटात बी कुठला आहे, हे प्रयोगशाळेत न जाता सांगता येतं. त्याचं नाक बघा, पापण्यांच्या कडा बघा, पंजे उलटून गाद्या बघा. बंद चावी केसापुरती असते. नाकाच्या कातडीत गडद रंगद्रव्य बनतच असतं. नाक काळं तर आत निदान एक मोठा बी आहे. नाक तपकिरी, पापणीच्या कडाही तपकिरी आणि डोळे फिकट, तर दोन्ही लहान बी. म्हणजे अंगानं पिवळं आणि आराखड्यानं चॉकलेट. घाई मात्र करू नका. जन्मल्या जन्मल्या पिल्लांची नाकं गुलाबीच असतात, रंग भरायला काही आठवडे जातात. आणि मोठ्या पिवळ्या लॅबचं काळं नाक थंडीत किंवा वय झाल्यावर फिकट पडतं, तेव्हा नाकाबरोबर पापण्याही बघाव्यात.

यावरून संशय कधी घ्यावा हेही कळतं. दोन काळ्यांना तिन्ही रंगांची पिल्लं होऊ शकतात, तिथं भांडायला जागाच नाही. दोन चॉकलेटना चॉकलेट किंवा पिवळी होतील, काळं नाही. दोन पिवळ्या लॅबना फक्त पिवळी. दोन्हीकडचे पेपर शुद्ध लॅबचे आहेत, दोघंही पिवळे, आणि काळं पिल्लू आलं, तर मात्र दुसरा नर आला होता असं समजायला हरकत नाही. तेही सगळ्या वेताबद्दल नाही. मादी माजावर असताना काही दिवसांत दोन नर लागले, तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात. खात्री हवी असेल तर डीएनए चाचणी करा. मादीला बोल लावून काही सिद्ध होत नाही.

इथं किमतीबद्दल बोललं पाहिजे. चॉकलेट लॅबला जादा पैसे मागतात, लोक आनंदानं देतात. चॉकलेट पिल्लं हमखास हवीत म्हणून ब्रीडर चॉकलेटलाच चॉकलेट लावत जातो. जोड्या निवडताना रंग पहिला येतो आणि कंबर, कोपर, डोळे, स्वभाव हे सगळं मागं पडतं. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चॉकलेट लॅबचं मध्यक आयुष्य १०.७ वर्षं निघालं, बाकीच्यांचं १२.१. कानाच्या आजाराचं प्रमाण काळ्यांत १२.८ टक्के, पिवळ्यांत १७ टक्के आणि चॉकलेटमध्ये २३.४ टक्के. लहान बी हे जनुकच आजारी पाडतं असं त्यातून सिद्ध होत नाही. अभ्यासकांनी शक्यता मांडली ती अशी, की रंगासाठी मोजक्याच कुळांतून जोड्या लावत गेलं की त्या कुळांतले दोषही सोबत येत असावेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात लॅबचे लोंबते कान आठवडेच्या आठवडे दमट राहतात. चॉकलेट पाळलं असेल तर जून ते सप्टेंबर कान कोरडे ठेवायची जास्त काळजी घ्या, एवढं या आकड्यांवरून मी नक्की सांगेन.

'सिल्व्हर' लॅबचंही तेच. तिसरं एक जनुक, 'डी'. त्याच्या दोन्ही प्रती लहान असल्या की रंगद्रव्याचे कण केसात एकसारखे न पसरता गोळे होऊन बसतात आणि चॉकलेट रंग फिका, राखाडी दिसतो. लॅब कसा असावा हे ठरवणाऱ्या जातीच्या मानकात हा रंग बसत नाही. शिवाय अशा फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांत वय वाढलं की केस गळून कातडी उघडी पडते. डॉबरमनच्या निळ्या रंगात हे आम्ही पूर्वीपासून बघतो. त्यावर कायमचा इलाज नाही. दुर्मीळ म्हणून दुप्पट पैसे मोजणाऱ्या माणसाला पिल्लू विकताना हे कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

एक प्रश्न आला आहे. मागच्या ओळीतले काका विचारतायत, आमच्या शेतावरच्या कारवानी मादीला शेजारच्या बंगल्यातला पिवळा लॅब लागला, ती फिकट तांबूस, हा पिवळा, आणि पिल्लं झाली सगळी काळी. हे कसं?

काका, फार चांगला प्रश्न विचारलात. मुधोळ आणि जतकडची ही शिकारी कुत्री आपल्या जत्रांच्या शर्यतींतून सगळ्यांच्या ओळखीची आहेत, तेव्हा असे संकर इथं होणारच. मघाशी मी म्हणालो, दोन पिवळ्यांना काळं होत नाही. तो नियम लॅबच्या आतला. इथं दोघांचा पिवळेपणा वेगळ्या कारणानं आलेला आहे. लॅब पिवळा आहे कारण त्याची चावी बंद. तुमच्या मादीची चावी उघडी असणार. तिच्या पाठीवर तांबूस केसांत काळे केस मिसळलेत का, किंवा तोंडाला काळी झाक आहे का, बघा. असेल तर काळं रंगद्रव्य ती बनवू शकते, फक्त अगूटी नावाचं दुसरं एक जनुक तिला बहुतेक अंगावर तांबूसच बनवायला लावतं.

आता 'के' हे आणखी एक जनुक मध्ये येतं. त्याचा वरचढ प्रकार अगूटीचं काही चालू देत नाही. चावी उघडी असेल तर सरसकट काळं. लॅबमध्ये हा प्रकार जवळपास प्रत्येक कुत्र्यात दोन्ही प्रतींत असतो, पिवळ्यातसुद्धा. पिवळ्यात तो दिसत नाही, कारण चावीच बंद. (उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांचा काळेपणाही याच जनुकाचा, आणि तो त्यांच्यात पाळीव कुत्र्यांकडून आला, असं २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं.) तुमच्या पिल्लांना बापाकडून तो वरचढ 'के' मिळाला आणि आईकडून उघडी चावी. दोन्ही एकत्र आले, म्हणून सगळं वेत काळं. बाप तोच, बंगल्यातला.

त्यातली एखादी मादी ठेवलीत आणि पुढं ती काळ्या नाकाच्या पिवळ्या लॅबला लागली, तर साधारण निम्मी पिल्लं काळी आणि निम्मी पिवळी येतील. दोघांच्याही पोटात लहान बी लपलेला असला, तर एखादं चॉकलेटही निघेल. वेत झालं की रंग लिहून ठेवा आणि मला आणून दाखवा.